अक्काचा डायल

शेवटच्या भेटीत अक्कानं मला तिच्या तब्येतीबद्दल काही विचारूच दिलं नाही. मी कॉटशेजारच्या स्टुलावर टेकलो, तिनं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क स्वतःच बाजूला केला आणि म्हणाली, "विनू, काल करंट गेला होता का?" मी म्हटलं, नाही. "परवा?" नाही गं. "मे महिना संपत आला आणि एकदाही नाही?" तिच्या कपाळाला बारीक आठी पडली. ही आठी मी लहानपणापासून ओळखतो. गणित सुटत नसलं की पडायची, आणि ती पडली की अक्काच्या चेहऱ्यावर त्रास दिसायचा नाही, उलट कुणीतरी नवा खाऊ पुढे ठेवल्यासारखी ती दिसायची. "रेड्डींचा एसी बिघडलाय का?" तिनं विचारलं. मी हसलो. म्हटलं, व्यवस्थित चालू आहे. "आणि डायल? आठावरच आहे ना?"

"तिथंच आहे," मी म्हणालो.

डायल तिथं नव्हता. तो मीच फिरवला होता, ती दवाखान्यात दाखल झाली त्याच आठवड्यात. हे आधीच लिहून टाकतो, कारण अशी गोष्ट शेवटपर्यंत झाकून ठेवायची मला सवय आहे. मी वकील आहे. कोर्टात बोलतो, घरात फारसा बोलत नाही, आणि जे बोलायला हवं ते तर अजिबातच बोलत नाही. अक्का गेल्यावर बऱ्याच जणांनी म्हटलं की तुम्ही तिच्यावर लिहा, तुम्हाला लिहिता येतं. पण तिच्यावर लिहायचं तर त्या डायलवर लिहावं लागेल हे मला कळत होतं, म्हणून इतके आठवडे गेले.

आमची इमारत विद्यानगरात आहे, तेलुगू आणि दखनी हिंदी बोलणाऱ्यांच्या शहरात. वडिलांचं बैठं घर होतं त्याच जागेवर उभी राहिलेली. खाली गाड्या, वर चार मजले. जिन्याखाली एक लोखंडी कपाट आहे आणि त्यात मुख्य ब्रेकर, म्हणजे साऱ्या इमारतीचा करंट ज्याच्यातून जातो तो. आमचा ब्रेकर सव्वाशे अँपिअरचा. पण त्याच्या तोंडावर नखाएवढा एक डायल असतो, स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवायचा. तो एकावर ठेवला तर सव्वाशेपर्यंत ब्रेकर काही म्हणत नाही. शून्य दशांश आठावर ठेवला तर शंभराच्या पुढे गेल्यावर तो थोडी वाट बघतो आणि पडतो. मग साऱ्या इमारतीत अंधार. वाट किती बघायची तेही ठरलेलं असतं. भार जरासाच जास्त असेल तर बराच वेळ सोसतो, फार जास्त असेल तर चटकन तोडतो. हे सगळं मला आता कळतं. अक्का होती तोवर मला एवढंच ठाऊक होतं की डायल आठावर आहे म्हणून उन्हाळ्यातल्या संध्याकाळी करंट जातो, आणि तो आठावर आहे तो अक्कामुळे.

त्या दिवशी दवाखान्यात ती विचार करत राहिली. मध्येच छताकडे बघायची, मग विचारायची. सगळे सुट्टीत गावाला गेलेत का? नाही. कपाटाजवळ कुणी पंखा लावून ठेवलाय का? ब्रेकरला वारा लागला तर तो उशिरा पडतो, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, पंखाबिंखा काही नाही. मग ती थोडी उठून बसली. "मग तो अडकलाय. आतून चिकटला असणार. विनू, हे वाईट रे… त्याच्यापेक्षा रोज पडणारा बरा. कुणाला तरी बोलावून तपासून घे. उद्याच." मी म्हटलं, घेतो. तेवढ्यात नर्स आली, तिनं दटावून मास्क परत चढवला. माझ्या एका वाक्यानं अक्काचं कोडं सुटलं असतं. ते वाक्य तोंडात धरून मी स्टुलावर बसून राहिलो, आणि भेटायची वेळ संपली.

त्यानंतर मी तिला शुद्धीत पाहिलं नाही. फोन आला तेव्हा सकाळ होती आणि मी चहा गाळत होतो. जाणाऱ्याच्या मनात शेवटी काय असेल, असं लोक म्हणतात. माझ्या बहिणीच्या मनात काय होतं ते मला पक्कं माहीत आहे. मी दिलेल्या खोट्या माहितीवरून ती खरं उत्तर काढायला बघत होती.

अक्का, म्हणजे सुलभा, माझ्याहून बरीच मोठी. मुलींच्या पॉलिटेक्निकमध्ये तिनं सारं आयुष्य इलेक्ट्रिकल शिकवलं, लग्न केलं नाही, निवृत्तीनंतर आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर एकटी राहायची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. घरात सगळे सरकारी नोकर, वकील, मास्तर. तारांशी संबंध तिचा एकटीचा. तारांबद्दल तिला जे कुतूहल होतं ते मी दुसऱ्या कुणात कशाहीबद्दल पाहिलेलं नाही. कुणाच्याही घरी गेली की पाणी पिण्याआधी ती त्यांच्या मीटरकडे बघून यायची. आमच्या चुलतबहिणीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी अक्का दिसेना. मुलीच्या पाठीशी उभं राहायचं होतं तिला. मला शोधायला पाठवलं. मंडपाच्या मागे, जनरेटरजवळ, शालू खोचून ती केबलचं वेटोळं सोडवत होती आणि मंडपवाला कमरेवर हात ठेवून बघत होता. "अम्मा, केबल लंबी थी, लपेट के रखा मैं," तो म्हणत होता. "लपेट के रखा तो अंदरवाली गर्मी कहाँ जाएगी? तुम्हारे घर जाएगी?" अक्का म्हणाली. अक्षता पडल्या त्या तिच्याविना. आमची काकू पुढे कितीतरी वर्षं हे उगाळत होती. अक्काला त्याचं काही नव्हतं. मला मात्र ती म्हणाली, "तू हात लावून बघायला हवा होतास रे. मधले वेढे एवढे गरम, बाहेरचे गार. एकच केबल!" तिला त्याचं नवल वाटलं होतं, आणि ते कुणाला तरी दाखवायचं राहून गेलं याचं वाईट.

तिच्या शिकवण्याबद्दल मला पुष्कळसं ती गेल्यानंतर कळलं. भेटायला तिच्या विद्यार्थिनी येत राहिल्या. आता त्यांचेही केस पांढरे व्हायला लागलेत. त्यांतली प्रत्येक जण शालीचा तास सांगायची. उन्हाळ्याच्या तोंडावर अक्का वर्गातल्या दोन मुलींना उभं करायची, एकीला जाड शाल गुंडाळायची, आणि दोघींना वर्कशॉपभोवती सारख्याच चालीनं फेऱ्या मारायला लावायची. थोड्या वेळानं शालवाली घामाघूम. मग अक्का विचारायची, दोघींनी काम किती केलं? सारखंच. मग हिला काय झालं? मुली हसायच्या. तेवढ्यात ती फळ्यावर लिहायची की केबल किती करंट पेलेल हे तिच्या जाडीवर जितकं, तितकंच ती कुठून जाते यावर. उघड्यावर एक, इतर केबलींच्या गर्दीत दुसरं, कशात गुंडाळलेली असेल तर तिसरंच. आणि ब्रेकर लावायचा तो केबलीकडे बघून. घरात काय काय चालवायचं आहे ते नंतर.

इमारतीत तिला सगळे टीचरम्मा म्हणत. सुरुवातीला कौतुकानं. विजेचं काहीही असलं की सोसायटीवाले तिच्याकडे येत, त्या कपाटाची किल्लीही तिच्याकडेच. मग एका वर्षी उन्हाळा लागायच्या सुमारास तिनं डायल एकावरून आठावर आणला, आणि त्या मे महिन्यापासून करंट जायला लागला. संध्याकाळी सगळे कामावरून आले, सगळ्यांचे एसी लागले, गिझर नाही पण मिक्सर, इस्त्री, खालची पाण्याची मोटर… की खट्. अक्का टॉर्च घेऊन जिना उतरायची, मोटर बंद करायची, थोडं थांबायची, ब्रेकर उचलायची. लोक गॅलऱ्यांतून बोलायचे. चैत्रातल्या हळदीकुंकवाला तर एकदा गंमतच झाली. आमच्याकडे गौर मांडलेली, शेजारच्या तेलुगू बायकाही आल्या होत्या, दोन्ही खोल्यांतले एसी चालू, वाटल्या डाळीच्या वाट्या हातात, आणि अंधार. "अय्यो, टीचरम्मा की गौरी भी पसीने में!" रेड्डींची बायको म्हणाली. सगळ्या हसल्या. अक्काही हसली. "गौरी को चलता," ती म्हणाली, "तुम्हारे मेकअप का देखो."

पण नेहमीच हसण्यावारी जायचं असं नाही. सोसायटीच्या बैठकीत दर उन्हाळ्यात हा विषय निघायचा. आधी तर एकावरच होता ना, तेव्हा काय जळालं? टीचरम्मा आता म्हाताऱ्या झाल्या, घाबरतात. कुणीतरी म्हणायचं, रिटायर झालेल्यांना कशाचा तरी अधिकार लागतो. अक्का एवढंच सांगायची, "केबल को इत्ताच चलता. बदल लेंगे जब, तब बढ़ाएँगे." का चालत नाही ते मात्र ती सांगायची नाही. हे तिच्या स्वभावात बसणारं नव्हतं. वेटोळ्यासाठी मंडपवाल्याला धारेवर धरणारी बाई इथं दोन वाक्यांत गप्प का बसते, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचो, आणि विषय निघाला की कागद चाळायला लागायचो. मनातून मलाही ते लोकांचंच पटत होतं. घरी मेधा, माझी बायको, म्हणायची की अहो, तुम्ही त्यांच्या बाजूनं एक शब्द तरी बोला. मी म्हणायचो, तिला गरज नाही.

म्हणून अक्का दवाखान्यात गेली तेव्हा पहिल्या मजल्यावरचे रेड्डी गारू, म्हणजे रेड्डीसाहेब, जिन्यात भेटले आणि म्हणाले, "वकील साब, टीचरम्मा आने तक जरा उप्पर कर देते क्या? गर्मी में परेशान हो रैं सब," तेव्हा मला विचारही करावा लागला नाही. तिच्या घरातून किल्ली घेतली, डायल एकावर नेला. दोन बोटांचं काम होतं. त्या संध्याकाळी करंट गेला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि जिन्यात जो भेटेल तो माझ्या खांद्यावर हात ठेवायला लागला. मला ते आवडलं. इतकी वर्षं मी तिचा भाऊ म्हणून ओशाळा होऊन जिना चढत होतो, तो आता ताठ चढायला लागलो. दवाखान्यात मी तिच्याशी खोटं बोललो ते तिला त्रास नको म्हणून, असं मी स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं. खरं म्हणजे तो खांद्यावरचा हात मला जाऊ द्यायचा नव्हता.

तिचे दिवस झाले, आणि एका दुपारी सुनीता आली. अक्काची जुनी विद्यार्थिनी, तारनाक्याला राहते, मोठ्या इमारतींच्या विजेचे आराखडे करते. तिच्या हातात हार नव्हता, उपकरणांची पिशवी होती. दारातच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, टीचर का फोन आया था, हॉस्पिटल से. बोले ब्रेकर अटक गया लगता, तू जाके देख, मेरा भाई भूल जाएगा. मैं गाँव में थी सर… लेट हो गयी." मी तिला बसा म्हटलं, चहा घ्या म्हटलं. ती म्हणाली, आधी ब्रेकर बघते. अक्काच्या मुली सगळ्या अशाच.

कपाट उघडून तिनं पाहिलं. पिशवीला हातही लावला नाही. "ये अटका हुआ नहीं है सर. घुमाया हुआ है."  तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तिला कळलं, हे मला कळलं.  पण तिच्या कपाळालाही तीच, अक्काची आठी पडली. "लेकिन टीचर ने आठ पे कैकु रखा? ये केबल तो मोटी है. खुले में सव्वासौ आराम से चलती इसकू." म्हणजे इमारतीतले लोक म्हणत होते तेच खरं की काय? माझ्या छातीत काहीतरी हलकं झालं, आणि ते हलकं होणं मला त्याच क्षणी लाजिरवाणं वाटलं. सुनीता म्हणाली, "टीचर बिना वजह नहीं करते. चलो देखते, कहाँ से जाती ये."

मग आम्ही दोघं त्या केबलच्या मागे मागे चालत गेलो. मला वाटतं, अक्कासाठी मी केलेलं पहिलं सरळ काम ते. कपाटातून निघून ती काळी, जाड केबल भिंतीवरून क्लिपांनी मारलेली, गाड्यांच्या वरून जाते. मी तीस वर्षं तिच्याखाली स्कूटर आणि मग गाडी लावली आणि तिच्याकडे कधी मान वर करून पाहिलं नाही. सुनीता हात लावत होती, कुठे दुसरी केबल जवळ येते का बघत होती, ऊन कुठे पडतं विचारत होती. सगळीकडे ती मान हलवत होती, इथं ठीक, इथंही ठीक. कोपऱ्यावर केबल वळली, आणि एका खोलीच्या भिंतीत गडप झाली.

"ये कमरा क्या है सर?"

ती मेधाची गाण्याची खोली होती.

त्या खोलीची गोष्ट अशी. मेधा गायची. मग गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. परत आला तो बारीक, थकलेला. पुष्कळ दिवस तिनं तंबोऱ्याची गवसणीसुद्धा काढली नाही. नंतर कुणीतरी आपली मुलगी शिकायला आणून बसवली, तिच्यामागून आणखी आल्या, आणि खालच्या पडीक खोलीत मेधाचा क्लास सुरू झाला. घरात पुन्हा गुणगुणणं ऐकू यायला लागलं. पण त्या खोलीच्या बरोबर वर रेड्डी गारूंचं घर, आणि त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. आवाजानं त्यांना झोप लागेना. रेड्डी बिचारे फार अवघडून सांगायला आले. क्लास बंद होईल या भीतीनं मी घाईघाईनं आबिड्सच्या एका दुकानातून माणूस आणला आणि खोलीच्या भिंतींना आतून काचेच्या धाग्यांची जाड गादी ठोकून, वर प्लायवूड आणि कापड लावून घेतलं. आवाज बाहेर जाणं थांबलं. भिंतीवरून जाणारी ती काळी केबल फार विद्रूप दिसायची. तीही गादीत झाकली गेली म्हणून मी खूशच होतो. अक्का तेव्हा प्रवासाला गेलेली होती. परत आल्यावर ती खोली बघायला आली, भिंतीशी थबकली, आणि संध्याकाळी आमच्याकडे वर आली. मेधा घरात नव्हती. "विनू, ती गादी काढता येईल का रे? सगळी नको, त्या एका भिंतीची." कशाला, असं मी विचारलंच नाही. अक्काला गाण्याचा कान नव्हता, मेधा गात असताना ती खुशाल बोलत बसायची, आणि त्यावरून माझ्या मनात जुनं काहीतरी साठलेलं होतं. मी म्हणालो, "अक्का, हिचं गाणं परत सुरू झालेलं तुला बघवत नाही का?"

 ती "बरं," म्हणाली आणि खाली गेली. त्यानंतर गादीचा विषय तिनं आयुष्यात काढला नाही. आणि त्याच उन्हाळ्याच्या तोंडावर डायल आठावर आला. या दोन गोष्टी मी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याच नव्हत्या. ठेवल्या त्या सुनीतानं, त्या खोलीच्या दारात, मी अडखळत हे सगळं सांगितल्यावर. "शाल पहना दिए आप केबल को," ती हळूच म्हणाली. "एक तरफ दीवार, एक तरफ शाल. फिर सौ ही चलेगी. टीचर ने बरोबर सौ पे रखा." तिनं परत जाऊन आधी डायल खाली आणला.

प्लायवूड त्याच दिवशी उघडलं. केबलीचं वरचं आवरण बाहेर मऊ, काळं होतं. गादीत होती तिथं ते राखाडी, ठिसूळ झालेलं. सुनीतानं नखानं जरा दाबलं तर त्याला चीर गेली. मी डायल फिरवला त्या एका उन्हाळ्यानं हे केलं की आधीपासूनच होतं, असं मी तिला विचारलं. तिनं खरं उत्तर दिलं. म्हणाली, सांगता येत नाही सर, पण आपने मदद तो नहीं किए.

मेधा वरून आली आणि तिनं ती उघडी भिंत पाहिली. मी तिला सगळं सांगितलं. अक्काला मी काय बोललो होतो तेही, जे तिला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं ती रडेल. ती संतापली. "मला कुणी विचारलं का?" ती म्हणाली. "तुम्ही बोललात, त्या गप्प बसल्या, आणि दोघांनी मिळून माझं गाणं जपलंत! मला सांगितलं असतंत तर दुसऱ्या दिवशी मी मुलींना गच्चीवर घेऊन गेले असते. माझ्यामुळे त्या बाईनं सगळ्या इमारतीचं बोलणं खाल्लं… आणि त्यांच्या समोरच बसून मी हळदीकुंकू करत होते." मग जरा शांत झाल्यावर म्हणाली, "रेड्डींच्या आई जाऊनसुद्धा किती दिवस झाले. ती गादी आता कुणासाठी होती?"  मग तिनं पदर कमरेला खोचला आणि उरलेली गादीही स्वतः ओढून काढली.

नवी केबल आली, त्याच भिंतीवरून, पण उघडी; इमारतीत मी जुनी झाली म्हणून बदलली एवढंच सांगितलं. सुनीतानं सगळं मोजून घेतलं आणि डायल कुठे ठेवायचा ते सांगायला मला बोलावलं. मी म्हटलं, आठावरच राहू द्या. अक्काची आठवण म्हणून. ती माझ्याकडे बघतच राहिली. "सर, टीचर सुनते तो मारते. अब इसकू सव्वासौ चलती है तो सव्वासौ पे रखना. याद फोटो में रखो." आणि तिनं तो एकावर नेला. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

हा लेख मी तेव्हाच लिहू शकलो असतो. पण आमच्या इमारतीत मराठी वाचणारं घर आमचं एकट्याचं. माझी स्वतःची मुलंसुद्धा मराठीतले मथळे कसेबसे वाचतात. म्हणजे इथं सगळं कबूल करून मी मोकळा झालो असतो, आणि जिन्यात अक्का तशीच घाबरट म्हातारी राहिली असती. पुढच्या बैठकीत तर तेच झालं. खाली गाड्यांच्या मध्ये खुर्च्या टाकून सगळे बसलेले, पाऊस लांबलेला, उकाडा मरणाचा, आणि वरचे एसी बंद. रेड्डी गारू मोकळेपणानं म्हणाले, "देखो, एक पे कर दिए, कुछ हुआ? टीचरम्मा खाली-पीली डरते थे बेचारे." कुणी विरोध केला नाही. गेलेल्या माणसाबद्दल बोलतात तशा प्रेमानंच बोलत होते सगळे. माझ्या हातात कागद होते. ते मी खुर्चीखाली ठेवले आणि उभा राहिलो.  माझ्या मोडक्या दखनीत मी सगळं सांगितलं: केबल मी झाकली, तिनं काढ म्हटलं, मी तिला वाटेल ते बोललो, म्हणून तिनं डायल खाली आणला, आणि ती दवाखान्यात असताना तो वर मी केला. तिच्या शेवटच्या दिवसांत तिला खोटं सांगितलं तेही सांगितलं. गादी तुमच्या आईच्या झोपेसाठी होती, हे वाक्य जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं.

 रेड्डी गारूच म्हणाले, "तो फिर इत्ते साल टीचरम्मा गालियाँ किसकी खाए?"

"मेरी," मी म्हणालो.

 "वो तो हमारी अम्मा के लिए लगाए थे ना आप," रेड्डी गारू हळू म्हणाले. आणि मग खुर्ची मागे सारून उठले. "चलो, दिखाओ कहाँ है."

सगळेच उठले. गाण्याची खोली म्हणून चपला बाहेर काढून आत आले, आणि त्या उघड्या भिंतीवरच्या काळ्या केबलीसमोर अर्धवर्तुळ करून उभे राहिले. एवढी जाड आहे तर गरम का होते? आठ आणि एक यात फरक काय? चौथ्या मजल्यावरचा सॉफ्टवेअरवाला मुलगा विचारत होता की अंकल, ब्रेकर म्हणजे एसीच्या सेफ्टीसाठी असतो ना? मी म्हटलं, नाही रे, आधी ह्या केबलीसाठी. जेवढं येत होतं तेवढं सांगितलं, जिथं अडलो तिथं सुनीताला विचारून सांगतो म्हटलं. बैठक तशीच राहिली. रेड्डी गारूंनी केबलीवर तळहात ठेवला. "ठंडी है," ते म्हणाले. मी म्हटलं, सगळ्यांचे एसी लागू देत, पूर्ण लोड आला की बघा.

मला वाटलं ते बोलण्यापुरतं झालं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मेधाच्या मुली सूर लावत असताना, ते खरंच आले. चालू द्या, असं तिला हातानंच सांगून ते भिंतीशी गेले आणि केबलीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मी दारात होतो. जाताना थांबून त्यांनी मला विचारलं, "थोडी गरम है, वकील साब. इत्ती चलती ना?"

"चलती," मी म्हणालो.

हा प्रश्न त्यांनी अक्काला विचारला असता… कुणीही विचारला असता, मी विचारला असता, तर तिनं आम्हाला त्या संध्याकाळी जेवायलासुद्धा सोडलं नसतं.